मोगलाईतला पॉइंट

पुण्यात कुणाला ‘मोगलाईत, निजामाच्या मुलखात जाऊन आलो’ असं सांगितलं की समोरचा आधी माझे हातपाय जागेवर आहेत का ते बघतो. मग विचारतो, “तिकडं काय आहे हो बघण्यासारखं?” गेले काही दिवस या प्रश्नापायी माझ्या तोंडाची फार वाफ दवडली गेली, म्हणून आता एकदाच सगळं लिहून काढतो. लेणी, किल्ले, देवळं यांतलं मी काहीही पाहिलेलं नाही. मी परभणीला चेंडू अडवायला गेलो होतो.

माझा धंदाच तो. मिसरूड फुटायच्या वयापासून मी पुण्याच्या एका जिमखान्यात पगारी खेळाडू. सकाळी सभासदांना आणि त्यांच्या मुलांना गोलंदाजी करायची, दुपारी खेळपट्टीवरच्या चटया गुंडाळायच्या आणि रविवारी सामना असला की पॉइंटला उभं राहायचं. ज्यांना क्रिकेट ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. फलंदाज ज्या बाजूला तोंड करून उभा असतो, त्या बाजूला त्याच्या अगदी समोर, थोड्याच अंतरावर जो माणूस वाकून उभा असतो तो पॉइंट. चेंडू त्याच्याकडे सगळ्यांत जोरात येतो आणि विचार करायला वेळ सगळ्यांत कमी मिळतो. मला ती जागा फार आवडे. लग्नाच्या पंगतीतसुद्धा मी यजमानासमोर जरा तिरका बसतो, असं माझी बायको सुशीला म्हणते.

गेल्या हंगामात एका चेंडूनं माझ्या डाव्या हाताचं बोट मोडलं. बोट जुळलं, पण हात बिचकायला लागला. दसऱ्यानंतर सेक्रेटरीसाहेबांनी बोलावून सांगितलं, “रघुनाथ, यंदा तू सकाळची गोलंदाजी तेवढी कर. पॉइंटला आम्ही दुसरा माणूस बघितलाय.” त्यानंतर रविवारच्या सामन्यात माझ्याकडे सरबताची बादली आली. ज्या मैदानात मी सोळा हंगाम पळलो, तिथं पेले हातात घेऊन चालताना पाय जड होत. घरी मी काही बोलत नसे. सुशीलाही काही विचारत नसे, पण बादलीच्या रविवारी ती न चुकता गोड काहीतरी करी.

अशात परभणीहून मल्लिकार्जुनअप्पा नावाच्या एका शेटजींचं बोलावणं आलं. त्यांचा तिथं जीन आहे, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. ते मागं कधी पुण्याला आले असताना त्यांनी मला खेळताना पाहिलं होतं. त्यांची स्वतःची क्रिकेटची टीम होती आणि पूर्णा जंक्शनच्या रेल्वेवाल्यांशी त्यांचा पौषात सामना ठरला होता. मी येऊन त्यांच्याकडून खेळावं, आणि येताना घरच्यांनाही आणावं, असा आग्रह होता. सुशीला हडपसरच्या पलीकडे कधी गेली नव्हती. तिनं ट्रंक काढली आणि मग मला विचारलं, “जायचं ना?”

मनमाडच्या पुढे

मनमाडला मोठी गाडी सोडून निजामाच्या छोट्या गाडीत बसलं की डबा अंगाला लागल्यासारखा वाटतो. रूळ अरुंद, बाकं अरुंद, माणसं मात्र ऐसपैस. स्टेशनांच्या पाट्या उर्दूत. सुशीला प्रत्येक पाटीकडे बघून म्हणे, “किती सुंदर अक्षर! काय लिहिलंय कोण जाणे.”

हद्द ओलांडली की करोडगिरीवाले, म्हणजे जकातीचे लोक, सामान तपासतात. आमच्या डब्यात एक मिशाळ अंमलदार चढले. ट्रंकेतली लुगडी त्यांनी सोडून दिली, पण माझी पिशवी उघडल्यावर ते थबकले. बॅट त्यांनी उचलली, वास घेतला. चेंडू हातात घेऊन दाबला.

“ये क्या है? बेचने का माल?”

“नाही साहेब, खेळायचं आहे. मी खेळाडू.”

“इस उमर में?” माझ्या कानाजवळचे पांढरे केस बघून ते म्हणाले.

मी काही सांगायच्या आत सुशीला म्हणाली, “खोटं वाटत असेल तर काहीतरी फेकून बघा त्यांच्याकडे.”

अंमलदार हसले. फलाटावर एक बाई पेरू विकत होती. पेरूला तिकडं जाम म्हणतात. त्यांनी मला खाली उतरवलं, एक जाम घेतला आणि सहज फेकला. मी झेलला. दुसरा जोरात फेकला. तोही झेलला. मग त्यांना चेव चढला. खिडक्याखिडक्यांतून डोकी बाहेर आली. टोपलीवाली बाई “माज्या जामाचं काय करायलाव!” म्हणून ओरडत होती आणि जाम डावी-उजवीकडून सुटत होते. मी झेलून सुशीलाकडे टाकत होतो, ती पदरात धरत होती. एक मात्र डाव्या हातातून निसटला आणि फलाटावर फुटला. गाडीनं शिट्टी दिली तेव्हा अंमलदारांनी बाईची समजूत घातली आणि बरोबरच्या हवालदाराला म्हणाले, “जाने दो, सर्कसवाले हैं.”

जाम आतून गुलाबी होते. आम्ही डबाभर वाटले. जालन्याच्या पुढं गेलो तरी लोक आम्हांला तंबू कुठं टाकणार ते विचारत होते. मी मात्र त्या निसटलेल्या एकाचाच विचार करत होतो.

परभणी

स्टेशनावरून टांग्यानं जीनवर आलो. फाटकातून आत शिरलो आणि सुशीलाच्या तोंडून “अगंबाई!” एवढंच निघालं. अंगणात कापसाचे घराएवढे ढीग होते. उन्हात त्यांच्याकडे बघवत नव्हतं. जीनला लागूनच शेटजींचं घर.

शेटजी ठेंगणे, गोरे, कपाळाला भस्माचे आडवे पट्टे. लिंगायत घराणं. रोज सकाळी गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन ते पूजा करतात आणि ती होईपर्यंत जीनचा भोंगासुद्धा वाजत नाही. मला बघून त्यांनी दोन्ही हात जोडले.

“शरणार्थ! रघूभाऊ, तुमी लय लांबून आलाव. आमी तुमाला पुण्यात बघितलं व्हतं बरं का. हवेत असं आडवं झाला व्हता तुमी, आन् चेंडू हातात. तवापासून आमी सगळ्यांला सांगायलोय, माणूस हवेत निजतो म्हून!”

त्यांच्या पत्नी गंगाबाई सुशीलाला हाताला धरून आत घेऊन गेल्या. “बसा की माय. आमच्याकडं लाजायचं न्हाई. भूक लागली का, असं आमी इचारत न्हाई, डायरेक ताट वाढतो.”

ताटात ज्वारीची भाकरी, येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या पिठाची आमटी आणि मिरचीचा ठेचा. ठेच्यात खळगा करून त्यात करडईचं कच्चं तेल ओततात. आपल्याकडे तूप पुढं करून पाहुण्याचा मान राखतात, तिकडं तेलाची धार लांबवतात. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, दुसऱ्याला नाकातून, आणि तिसरी भाकरी मी मागून घेतली.

संध्याकाळी टीम भेटली. कप्तान सिराजसाहेब. ते कचेरीत पेशकार आहेत, शेरवानी घालून मैदानात येतात आणि ती नीट घडी करून खुंटीला लावल्याशिवाय खेळाला सुरुवात होत नाही. खेळायलाही सरकारची इजाजत लागते. चार माणसं जमायची म्हटली की कागद करावा लागतो, आणि तो करण्यात सिराजसाहेबांचा हात धरणारं कुणी नाही. वेगानं गोलंदाजी करणारा नागोराव पिंगळीचा शेतकरी. बाकी जीनमधले फिटर, शाळेतले मास्तर वगैरे.

मैदान म्हणजे जीनमागचं पडीक रान. मधोमध काथ्याची चटई अंथरलेली, बाकी सगळी काळी माती. ही माती पावसात चिखल आणि हिवाळ्यात दगड होते, आणि दगड झाली की फाटते. हात जाईल अशा भेगा जिकडंतिकडं. मी पॉइंटला उभा राहिलो. एका मास्तरांनी चेंडू मारला, तो सरळ माझ्याकडे आला, मी वाकलो आणि चेंडू नाहीसा झाला.

“पळा, पळा!” फलंदाज धावत सुटले. मी पालथा पडून भेगेत कोपरापर्यंत हात घातला.

“अवो भाऊ, हात काढा!” नागोराव ओरडला. “इच्चू असतोय त्यात!”

मी हात काढला. तिकडं धावा चालूच होत्या. शेवटी फलंदाज दमून बसले. चेंडू सळईनं काढला आणि किती धावा धरायच्या यावर असा वाद पेटला की अंधार पडला. सिराजसाहेबांनी निकाल दिला: जोवर चेंडू दिसत नाही तोवर तो सरकारजमा.

सगळे पोट धरून हसत होते. मीही हसलो. पण त्याआधी एक सरळ, साधा झेल माझ्या डाव्या हातातून सुटला होता. तो सिराजसाहेबांनी पाहिला होता. निघताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“भाऊसाहेब, बुरा मानू नका. पूर्णेला तुम्ही स्लिपमध्ये उभे राहा. तिथं धावपळ कमी.”

स्लिप म्हणजे यष्टिरक्षकाच्या बाजूची जागा. म्हाताऱ्यांची, असं आम्ही पुण्यात म्हणायचो. मी मान हलवली. इतक्या लांब येऊनही बादली माझ्यामागे आलीच, असं मला वाटलं.

पिंगळीचा हुरडा

दुसऱ्या दिवशी नागोरावनं सगळ्यांना हुरड्याला बोलावलं. पिंगळी म्हणजे परभणीच्या पुढचंच स्टेशन. त्याचं रान रुळांच्या कडेला आहे. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली. जमिनीत खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवलेली. त्यात कोवळी कणसं भाजायची, गरम असतानाच तळहातावर चोळायची आणि फुंकर मारून कोंडा उडवायचा. हिरवे, मऊ, धुराच्या वासाचे दाणे हातात राहतात. बरोबर लसणाची चटणी, गूळ, दही.

“हळू खावा,” नागोराव म्हणाला. “पाणी मात्र पिऊ नका वरून. फुगतंय.”

मी दोन्ही उलटं केलं. घाईनं खाल्लं आणि वर तांब्याभर पाणी प्यायलो. दुपारभर मी ज्वारीच्या ताटांत आडवा पडून आभाळ बघत होतो. गाडी आली की नागोरावची पोरंसोरं, बायका, सगळे हात हलवत, आणि गाडीतले लोकही हलवत. नागोरावची म्हातारी आई म्हणाली, “रोज हलवतो आमी. कोन वळखीचं असंल तर बरं.”

तिथं शेटजी माझ्या शेजारी येऊन बसले आणि हळूच त्यांनी विषय काढला. मी परभणीलाच राहावं. जीनमध्ये कापसाच्या वजनावर देखरेख करावी आणि उरलेल्या वेळात टीम तयार करावी. राहायला जागा ते देणार होते.

“आमच्याकडं खेळायची हौस लय हाय, पर शिकवणारं कोन न्हाई,” ते म्हणाले. “विचार करा. घाई न्हाई.”

मी ‘बघतो’ म्हणालो. मनात म्हणालो, पुण्याचा खेळाडू मी. जिमखाना उद्या परत बोलावेल, तेव्हा मी इथं कापूस जोखत बसू?

परतताना बैलगाडीत सुशीलाला सांगितलं. मला वाटलं ती हसेल. ती एकदम म्हणाली, “राहू या की.”

“राहू या? पुणं सोडून?”

“पुण्यात तुम्हांला कोण ओळखतं?”

“सोळा हंगाम खेळलो मी तिथं!”

“खेळलात. पण सामना संपल्यावर सभासद आत चहा पितात आणि तुमचा कप बाहेर कट्ट्यावर येतो. मी एकदा डबा द्यायला आले होते, तेव्हा बघितलंय. इथं कालपासून जो तो तुम्हांला जवळ बसवून घेतोय. त्या म्हातारीनंसुद्धा विचारलं, हवेत निजणारे ते हेच का म्हणून.”

“ते हवेत निजणारे आता स्लिपमध्ये उभे राहणार आहेत,” मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

तिनं माझ्या डाव्या हाताकडे बघितलं. म्हणाली, “हात बिचकतो ना?”

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बोटाबद्दल आम्ही असं उघड पहिल्यांदाच बोललो. मी हो म्हणालो.

“मग उद्यापासून मी चेंडू टाकते.”

कापसातली तालीम

सकाळी शेटजींची पूजा चाललेली असताना जीन बंद असतो. त्या वेळात आम्ही कापसाच्या ढिगांमध्ये जागा केली. सुशीला समोर उभी राहिली, पदर खोचला आणि चेंडू टाकू लागली. तिची फेक गोवरी भिंतीला मारावी तशी, खालून आणि कुठंही. मला कधी कळेच ना कुठं येणार. पहिल्या चेंडूवर मी डावीकडे झेपावलो आणि ढिगात कमरेपर्यंत रुतलो. लागलं काहीच नाही.

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. इथं पडलं तरी लागत नाही. वर्षभर मी पडायला भीत होतो आणि म्हणून उशिरा वाकत होतो. आता मी बिनघोर अंग टाकायला लागलो. डावीकडे, उजवीकडे, पाठीवर. कापूस नाकात, कानात, मिशीत. सुशीला प्रत्येक चेंडूला ओरडे, “खाली! आणखी खाली!”

तिसऱ्या दिवशी गंगाबाई आल्या. कमरेवर हात ठेवून त्यांनी थोडा वेळ बघितलं.

“मला द्या बरं माय तो चेंडू,” त्या म्हणाल्या. “उडवून देते बघा.”

त्यांचा हात भलताच जोरकस. मग घरातल्या सगळ्याच बायका आल्या आणि माझ्यावर चौफेर मारा सुरू झाला. पूजा आटोपून शेटजी गच्चीवर आले तेव्हा मी ढिगातून पांढराफटक होऊन बाहेर येत होतो आणि त्यांच्या घरातल्या बायका भिंतीला टेकून हसत होत्या. शेटजी क्षणभर बघत राहिले.

“माल इस्कटू नका म्हणजे झालं,” म्हणाले आणि स्वतःच खाली येऊन दोन चेंडू टाकून गेले.

मी खेळ धंदा म्हणून इतकी वर्षं केला, पण इतकं हसत कधी केला नव्हता.

ताडकळस

पूर्णेला गाडीनं जाता आलं असतं, पण शेटजींना ताडकळसच्या बाजारात कापसाचं काम होतं. म्हणून सगळी टीम बैलगाड्यांनी निघाली. रस्ता म्हणजे चाकोरी. दोन्ही बाजूंना करडई, तिची काटेरी पिवळी फुलं नुकती डोकावायला लागलेली.

ताडकळस मोठं गाव. बाजारात घोंगड्या, मडकी, शेळ्या, बांगड्या, हरभऱ्याच्या टहाळाचे भारे. तिथला दुकानदार आपल्यासारखं “काय पाहिजे?” विचारत नाही. “या, टेका,” म्हणतो, पानसुपारी पुढं करतो, आणि घ्यायचं विसरलात तरी रागवत नाही. सुशीलानं बांगड्या भरल्या. बांगडीवालीनं तिचा हात दाबत विचारलं, “कुण्या गावच्या तुमी?” सुशीला म्हणाली, “परभणीच्या.” मी मागं उभा होतो. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

इतक्यात ओरडा झाला. गाडीत ठेवलेली दोन पॅडं बैलानं फाडून आतला पेंढा खाल्ला होता. सिराजसाहेब फाटकी पॅडं हातात धरून बैलाशी अदबीनं बोलत होते, “जनाब, आता आमच्या पायांचं काय?”

शेटजींनी तिथंच बाजारात कापूस मागवला, गंगाबाईंनी दाभण काढलं आणि पॅडं भरून शिवली. ती गादीसारखी फुगली. नागोराव ती बांधून चालायला लागला तेव्हा बाजारातल्या बायकांनी तोंडाला पदर लावले.

मुक्काम शेटजींच्या नातलगांकडे झाला. निघताना तिथल्या हलवायाकडून शेटजींनी पेढ्यांची करंडी भरून घेतली. जिंकल्यावर वाटायला.

पूर्णा

पूर्णा म्हणजे रेल्वेचं गाव. इंजिनं, कोळसा, शिट्ट्या आणि बंगल्यांपुढं झेंडूची रांग. मैदान आमच्यापेक्षा सपाट, पण माती तीच काळी. कडेला कडुलिंबांखाली बायका बसल्या, दुसरीकडे शेड सोडून आलेले फायरमन.

आम्ही आधी खेळलो. सिराजसाहेबांनी नजाकतीनं धावा काढल्या. नागोरावला त्या पॅडांत धावता येईना, म्हणून त्यानं उभ्या उभ्याच चेंडू लांब भिरकावले. मी थोडं खेळून बाद झालो. एकूण धावा बऱ्या झाल्या.

मग त्यांची पाळी. त्यांचा खरा फलंदाज पिंटोसाहेब, मूळचा गोव्याचा, मेलगाडीचा ड्रायव्हर. दंडाचे स्नायू वाफेवर चालत असावेत. इतर बाद होत गेले, पण हा हलेना. चेंडू यष्ट्यांबाहेर पडला की हा खाडकन पॉइंटच्या दिशेनं मारी. तिथं आमचे एक मास्तर उभे होते. चेंडू त्यांच्या जवळून जाताना ते सभ्यपणे बाजूला होत.

मी स्लिपमध्ये उभा राहून हे बघत होतो. प्रत्येक फटक्याला माझे पाय आपोआप हलत. शेवटी मी सिराजसाहेबांकडे गेलो.

“साहेब, मला पॉइंटला जाऊ द्या.”

ते माझ्या डाव्या हाताकडे बघत राहिले. “आणि उंगली?”

“उंगली माझी आहे, साहेब.”

त्यांनी मान झुकवली. “जाइए.”

जाऊन उभा राहिलो आणि पहिलाच चेंडू माझ्या दोन्ही पायांमधून मागं गेला. फायरमनांनी आरोळी ठोकली. तेवढ्यात लिंबांखालून, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात, सुशीला ओरडली, “खाली! आणखी खाली!”

पाठोपाठ गंगाबाई, “अवो भाऊ, खाली बसा की!” मग तिथल्या सगळ्याच बायका. परक्या गावच्या, ज्यांना क्रिकेटमधलं काही कळत नव्हतं त्यासुद्धा.

मला हसू आलं. हसतच मी वाकलो. नागोराव धावत आला. चेंडू जरा आखूड पडला, पिंटोसाहेब मागं सरकला आणि त्यानं सगळं बळ लावून मारला. मला चेंडू दिसला नाही, नुसती लाल रेघ दिसली, डावीकडे, खाली. अंग आपोआप सुटलं. काळ्या मातीवर मी छातीवर आदळलो. तोंडात माती, डोळ्यांत माती. डावा हात वर केला. त्यात काहीतरी जड होतं.

मग जो गलका झाला! नागोराव माझ्यावर येऊन पडला, त्याच्यावर बाकीचे. पिंटोसाहेब चालत आला, डोक्यावरची हॅट काढली आणि वाकून माझ्या हातातला चेंडू बघितला, खरंच आहे का म्हणून.

इथं थांबलो तर तुम्हांला वाटेल आम्ही जिंकलो. नाही. त्यांची शेवटची जोडी खेळत होती आणि एकच धाव हवी होती. नागोरावचा चेंडू बॅटच्या कडेला लागला आणि स्लिपमधून, जिथं मला उभं केलं होतं, अगदी तिथून निघून गेला.

मी सिराजसाहेबांकडे बघायचं टाळत होतो. पुण्यात असं झालं असतं तर पुढचा महिनाभर मला कुणी नमस्कार घातला नसता. ते आले, शेरवानी झटकत म्हणाले, “एक माणूस दोन जागी कसा उभा करायचा, हे अजून कुठल्या किताबात आलेलं नाही. आलं की वाचू.” आणि खो खो हसले.

शेटजींनी पेढ्यांची करंडी उघडली. कुणीतरी म्हणालं, “शेट, आपण हरलो.”

“हरलो म्हून काय पेढे कडू झाले का?” शेटजी म्हणाले. “मानूस हवेत निजलेला बघितला की न्हाई सगळ्यांनी? धरा.” आधी पेढे त्यांनी रेल्वेवाल्यांनाच दिले.

जेवणं ज्याची त्याची निराळी झाली, तिकडंही ते आपल्यासारखंच आहे. पण बसले सगळे एकाच लिंबाखाली, आणि चहाचा कप मला सिराजसाहेबांनी स्वतः आणून दिला. पिंटोसाहेब जवळ येऊन बसला. मोडक्या मराठीत विचारलं, “तू कुठला प्लेयर? बॉम्बे?”

सिराजसाहेब सांगायला तोंड उघडत होते. त्यांच्या आधी मीच म्हणालो, “परभणी.”

सुशीला पलीकडे बायकांत बसली होती. तिनं वर बघितलं आणि हातातला पेढा मोडून अर्धा गंगाबाईंना दिला.

पुण्यात परत

शेटजींना ‘पुण्याला जाऊन कळवतो’ असं सांगून आम्ही परत आलो. आल्यावर चार-पाच दिवसांनी जिमखान्याचा शिपाई बोलवायला आला. सेक्रेटरीसाहेब खुर्चीतून उठले नाहीत, पण हसले.

“रघुनाथ, तो नवा माणूस काही जमेना. रविवारपासून पॉइंटला तूच उभा राहा.”

दसऱ्यापासून ज्या शब्दांची वाट बघितली ते समोर आले होते, आणि मला काहीच झालं नाही. मी म्हणालो, “साहेब, मी परभणीच्या टीममध्ये आहे.”

“परभणी? ते कुठं आलं?”

“मनमाडहून छोटी गाडी मिळते,” मी सांगितलं. “कधी आलात तर हुरड्याला थांबा.”

मैदानातून बाहेर पडलो आणि मग मात्र ध्यानात आलं. पुण्यातली नोकरी मी सुशीलाला न विचारता सोडून आलो होतो. हौसेनं राहू या म्हणणं वेगळं आणि खरंच बिऱ्हाड मोडणं वेगळं. वाटभर मी शब्द जुळवत घरी आलो.

खोलीत भांडी पोत्यात बांधलेली, चूल पुसलेली, ट्रंकेवर सुशीला बसलेली.

“जिमखान्यानं परत बोलावलं होतं,” मी म्हणालो. “मी नाही म्हणून आलो.”

“बरं झालं. खोली मी सकाळीच सोडली. मालकांना चावीसुद्धा देऊन आले.”

“आणि मी हो म्हणून आलो असतो तर?”

तिनं पोत्याच्या दोरीला शेवटची गाठ मारली.

“तर मग तुम्ही परभणीला आला असतात सुट्टीत,” ती म्हणाली. “उचला आता, टांगा खाली उभा आहे.”